खान्देशच्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉकिंग: मेमरी आणि कूलिंगची निवड

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात घरचा संगणक ओव्हरक्लॉक करायचा असेल, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायची असेल, तर सर्व हिशेब मे महिन्यापासून सुरू करावा लागतो. सीपीयू कूलर हवेवर चालणारा असो वा द्रवावर, तो प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त उष्णता त्या हवेत सोडतो. त्यामुळे ठरावीक भाराखाली प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा किती अंश वर राहतो हा आकडा बराचसा स्थिर असतो आणि खोली जितकी तापेल तितका प्रोसेसरही तापतो. जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना ज्या यंत्रात प्रोसेसर ७२ अंश दाखवतो, तेच यंत्र खोली ३८ अंशांवर गेल्यावर ८८ अंश किंवा त्याहून थोडे अधिक दाखवेल, कारण तापलेली चिप त्याच कामासाठी जरा जास्त वीज खाते. परदेशी समीक्षांमधील तापमाने साधारण २० ते २५ अंशांच्या खोलीत मोजलेली असतात, म्हणून ती वाचताना आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी १५ अंश मनातल्या मनात मिळवण्याची सवय लावून घ्यावी.

यावरून खर्चाचा क्रम ठरतो. माझ्या मते खान्देशात पहिला पैसा कॅबिनेटमधील हवेवर, दुसरा सीपीयू कूलरवर आणि तिसरा मेमरीच्या वेगावर जावा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, त्यामुळे हा क्रम खिशालाही सोयीचा आहे.

आधी यंत्राची आणि खोलीची नोंद

काहीही विकत घेण्यापूर्वी सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडून प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मेमरी यांची नावे लिहून घ्यावीत. ‘मेमरी’ या भागात दिसणारी वारंवारता प्रत्यक्ष वेगाच्या निम्मी असते. तेथे १६०० मेगाहर्ट्झ दिसत असेल तर मेमरी सेकंदाला ३२०० मेगाट्रान्स्फर या वेगाने चालत आहे. मेमरी एका चॅनेलवर (प्रोसेसरशी जोडणाऱ्या वाटेवर) चालते की दोन, हेही तेथेच कळते.

मदरबोर्डची मर्यादा या टप्प्यावर समजली तर पुढचा बराच पैसा वाचतो. इंटेलच्या बाजूला प्रोसेसरचा गुणक (त्याचा वेग ठरवणारा आकडा) वाढवण्यासाठी नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट (मदरबोर्डवरील नियंत्रक चिप), दोन्ही लागतात. मेमरीचा वेग मात्र बी५६०, बी६६०, बी७६० या बोर्डांवरही वाढवता येतो. एच६१० वर येत नाही. एएमडीच्या बाजूला बी४५०, बी५५०, बी६५० आणि एक्स मालिकेचे बोर्ड प्रोसेसर व मेमरी दोन्हींना मोकळीक देतात, तर ए३२० आणि ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. एच६१० बोर्ड असलेल्या घरात महागडी वेगवान मेमरी नेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

त्यानंतर एचडब्ल्यूइन्फो हा तापमान व वॅट दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या प्रोग्रामची दहा मिनिटांची चाचणी घ्यावी. प्रोसेसरचे कमाल तापमान, तो खात असलेले वॅट आणि चाचणीचे गुण लिहून ठेवावेत. एक साधा तापमापक कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपाशी ठेवून तेथील हवेचे तापमानही नोंदवावे, कारण खोलीच्या मध्यभागी असलेली हवा आणि टेबलाच्या कप्प्यात कोंबलेल्या कॅबिनेटला मिळणारी हवा यांत सहज काही अंशांचा फरक असतो.

या नोंदीची वेळ विचारपूर्वक निवडावी. वरच्या मजल्यावरील स्लॅबच्या खोलीत सर्वाधिक उष्णता भर दुपारी नसते. दिवसभर तापलेला स्लॅब ती काही तास उशिरा आत सोडतो, म्हणून बाहेर ऊन उतरल्यावरही संध्याकाळी सात-आठ वाजता खोली भट्टीसारखी राहते. पत्र्याच्या खोलीत याउलट ऐन दुपारीच कमाल गाठली जाते आणि रात्री ती लवकर निवते. जुन्या धाब्याच्या घरातील जाड मातीचे छप्पर या दोन्हींपेक्षा संगणकाला अधिक मानवते. आपली खोली कोणत्या वेळी सर्वाधिक तापते हे दोन-तीन दिवस पाहून ठरवावे आणि पुढच्या सगळ्या चाचण्या त्याच वेळी घ्याव्यात.

मेमरी निवडताना

पहिला प्रश्न क्षमतेचा आणि दुसरा चॅनेलचा. वेग त्यानंतर येतो. आठ जीबीची एकच पट्टी असलेल्या यंत्रात दुसरी पट्टी बसवून दोन चॅनेल सुरू केल्याने जो लाभ होतो, तो त्या एका पट्टीचा वेग कितीही वाढवून होणार नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल आणि रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधील अंतर्गत ग्राफिक्सवर काम चालत असेल, तर मेमरीचा वेग खेळांत स्पष्ट जाणवतो, कारण ते ग्राफिक्स मुख्य मेमरीच वापरते. ज्या यंत्रात ग्राफिक्स कार्डच कमी पडते आहे, तेथे मेमरीचा वेग वाढवून खेळात फारसे काही हाती लागत नाही.

वेग पाहताना केवळ मोठ्या आकड्यावर भुलू नये. दुकानात ‘३२०० ची रॅम’ एवढेच सांगितले जाते, पण सीएल (मागितलेली माहिती देण्यासाठी मेमरीला लागणाऱ्या घड्याळफेऱ्या) हा दुसरा आकडा तितकाच महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष विलंब काढण्यासाठी सीएलला २००० ने गुणून वेगाने भागावे. उत्तर नॅनोसेकंदांत मिळते. ३२०० सीएल१६ चा विलंब १० नॅनोसेकंद, ३६०० सीएल१८ चाही १०, आणि डीडीआर५ (डीडीआर४ नंतरची मेमरीची पिढी) मधील ६००० सीएल३० चाही १०. उलट ३२०० सीएल२२ या साध्या मेमरीचा विलंब १३.७५ आणि ४८०० सीएल४० चा सुमारे १६.७ नॅनोसेकंद येतो. विलंब सारखा असेल तर जास्त वेगाची मेमरी घ्यावी, कारण तिच्यातून अधिक माहिती वाहते. पण सीएल खूप वाढवून मिळवलेल्या वेगासाठी जादा पैसे देऊ नयेत. डब्यावर सीएल छापलेला नसेल तर उत्पादन क्रमांक पाहावा. त्यात बऱ्याचदा ‘३६००सी१८’ अशा धर्तीचा तुकडा असतो.

रायझन ५००० मालिकेसाठी ३६०० हा वेग योग्य ठरतो, कारण तेथे मेमरीचे घड्याळ आणि प्रोसेसरमधील अंतर्गत दुवा, दोन्ही १८०० मेगाहर्ट्झवर एकास एक प्रमाणात चालतात. रायझन ७००० साठी ६००० सीएल३० ही जोडी सर्वांत समंजस निवड आहे. इंटेलच्या बाराव्या पिढीतील ‘के’ नसलेल्या प्रोसेसरवर मेमरी नियंत्रकाचे व्होल्टेज बदलता येत नाही, त्यामुळे डीडीआर४ ची ३६०० मेमरी तेथे गिअर १ मध्ये (मेमरी आणि तिचा नियंत्रक समान वेगाने चालतात त्या पद्धतीत) अनेकदा अडते. अशा यंत्रासाठी ३२०० सीएल१६ घेऊन मोकळे व्हावे.

मेमरी नेहमी एकाच डब्यातील दोन पट्ट्यांची जोडी म्हणून घ्यावी. आज एक आणि दिवाळीला एक अशी खरेदी ओव्हरक्लॉकिंगला मारक ठरते, कारण एकाच नावाच्या दोन पट्ट्यांतही आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. चार पट्ट्यांचा मोह टाळावा. रायझन ७००० वर दोन पट्ट्यांसाठी एएमडीने अधिकृतपणे ५२०० पर्यंतचा वेग दिला आहे, चार पट्ट्यांसाठी मात्र तो ३६०० वर येतो, यातूनच नियंत्रकावरील ताण लक्षात यावा. डीडीआर५ मध्ये ८ जीबीच्या पट्ट्याही टाळाव्यात. त्यांत चिप कमी व रुंद असतात, बँक गट (चिपमधील आलटून-पालटून काम करणारे विभाग) निम्मे असतात आणि त्यामुळे त्याच वेगावर त्या १६ जीबीच्या पट्टीपेक्षा मागे पडतात.

उष्णतेचा मेमरीशी असलेला संबंध सहसा दुर्लक्षित राहतो. मेमरीतील प्रत्येक पेशी सूक्ष्म विद्युतभार धरून ठेवते आणि तो सतत गळत असल्याने ठरावीक अंतराने पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ च्या मानकानुसार ८५ अंशांपर्यंत हे चक्र ६४ मिलिसेकंदांचे असते आणि त्यावर तापमान गेल्यास ते निम्मे करावे लागते. ओव्हरक्लॉकिंगचे शौकीन गुणांसाठी हे अंतर हाताने वाढवतात, आणि हिवाळ्यात उत्तम चाललेली अशी मांडणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास कारण न कळता चुका करू लागते. डीडीआर५ मध्ये तर वीज नियंत्रित करणारी चिपही पट्टीवरच बसवलेली असते, म्हणून धातूचे आवरण असलेली पट्टीच घ्यावी. रंगीत दिव्यांनी मात्र थंडावा मिळत नाही आणि पट्टीची उंची वाढते. जी.स्किल रिपजॉज व्ही ही पट्टी ४२ मिलिमीटर उंच आहे, तर त्याच कंपनीची फ्लेअर एक्स५ ३३ मिलिमीटर. मोठ्या सीपीयू कूलरखाली हा फरक निर्णायक ठरतो.

हवा, कॅबिनेट आणि सीपीयू कूलर

पुढे बंद काच असलेली कॅबिनेट दिसायला देखणी असते, पण येथील हवामानात ती घेऊ नये. पुढची बाजू जाळीची, तिच्यामागे काढून धुता येणारी गाळणी, आत हवा ओढणारे किमान दोन पंखे आणि मागे बाहेर फेकणारा एक, एवढी रचना पुरेशी होते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवावी, म्हणजे फटींतून धूळ आत न ओढली जाता हवाच त्यांतून बाहेर पडते. मागची बाजू भिंतीपासून वीतभर तरी दूर असावी.

बाजूचे पान काढून समोर टेबलफॅन लावण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी दिसते. तापमान त्याने तात्पुरते उतरते खरे, पण फुफाटा थेट मदरबोर्डवर बसतो, आणि उघड्या यंत्रात शिरलेली पाल एसएमपीएसपर्यंत (वीजपुरवठा करणाऱ्या पेटीपर्यंत) पोहोचली तर दुरुस्तीचा खर्च चांगल्या कूलरहून अधिक येतो.

सीपीयू कूलरची निवड प्रोसेसर प्रत्यक्षात किती वॅट खातो यावर करावी. डब्यावरील आकडा येथे फसवा असतो: रायझन ५ ७६०० वर ६५ वॅट लिहिलेले असले तरी त्याची मर्यादा ८८ वॅट आहे, रायझन ७ ७७००एक्स १०५ ऐवजी १४२ वॅटपर्यंत जातो, आणि इंटेलचा कोअर आय५-१३६००के १२५ वॅटवरून १८१ वॅटपर्यंत चढतो. शंभर वॅटच्या आतील प्रोसेसरला चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा), १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर पुरतो. डीपकूल एके४०० हे त्याचे उदाहरण. त्यापुढे सुमारे दीडशे वॅटपर्यंत सहा हीटपाइपचा दुहेरी टॉवर घ्यावा, जसा थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई. या दोन्हींची उंची १५५ मिलिमीटर आहे. नॉक्टुआ एनएच-डी१५ १६५ मिलिमीटर उंच असून दोन्ही पंखे लावल्यास त्याखाली ३२ मिलिमीटरपर्यंतचीच मेमरी बसते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते. ती पाहिल्याशिवाय मागणी नोंदवू नये, कारण येथे परत पाठवण्याची कटकट मोठी आहे.

द्रवावर चालणारा तयार कूलर घ्यावा का, हा प्रश्न दर उन्हाळ्यात विचारला जातो. दोनशे वॅटच्या घरात जाणाऱ्या प्रोसेसरसाठी ३६० मिलिमीटरचा रेडिएटर उपयोगी आहे, यात शंका नाही. पण त्याखालील यंत्रांसाठी खान्देशात मी टॉवरच सुचवेन. द्रवसुद्धा शेवटी त्याच तापलेल्या हवेतच उष्णता सोडतो. पंप हा बिघडू शकणारा एक जादा भाग असतो. नळ्यांतून द्रव वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातो. शिवाय टॉवर कूलरच्या पंख्याची हवा मदरबोर्डवरील वीजपुरवठ्याच्या भागांना आणि मेमरीला आपोआप मिळते, ती द्रव कूलर बसवल्यावर थांबते. तरीही तो घ्यायचाच असेल, तर रेडिएटर वरच्या बाजूला बसवावा आणि पंप हा त्या संपूर्ण वळणातील सर्वांत उंच भाग होऊ देऊ नये, कारण आतील हवेचे बुडबुडे वर जाऊन पंपात अडकतात.

एसएमपीएस निवडताना त्याची क्षमता किती अंशांवर मोजली आहे हे पाहावे. काही उत्पादक ती ४० अंशांवर देतात, काही ५० वर, आणि आपल्या खोल्या पाहता दुसऱ्या प्रकाराला झुकते माप द्यावे.

खोलीतील पाण्याच्या कुलरबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. चैत्र-वैशाखातील कोरड्या हवेत तो खोलीचे तापमान लक्षणीयरीत्या उतरवतो आणि संगणकालाही त्याचा पूर्ण लाभ मिळतो. दमट हवेने यंत्रात पाणी जमेल अशी भीती अनेकांना वाटते; पण दव हे हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर धरते आणि चालू संगणकातील प्रत्येक भाग खोलीच्या हवेपेक्षा गरमच असतो. खरा धोका उडणाऱ्या तुषारांचा आणि बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचा आहे, म्हणून कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की हाच कुलर निष्प्रभ होतो. त्यामुळे जूनमधील उकाड्याचे दिवस मे महिन्याइतकेच कसोटीचे असतात.

जोडणी

मेमरीच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात, मदरबोर्डची पुस्तिका वेगळे सांगत नसेल तर. दोन्ही टोकांना खटका ऐकू येईपर्यंत दाबावे. जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी. मोठ्या प्रोसेसरवर थोडी अधिक. द्रव धातूच्या वाटेला घरगुती वापरकर्त्याने जाऊ नये, कारण तो वीजवाहक असतो आणि ॲल्युमिनियम खातो. कूलरचे स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे करून आवळावेत. तळाच्या पारदर्शक कागदावरची ‘काढून टाका’ ही सूचना वाचायची राहून गेल्याचे प्रकार दुरुस्तीवाल्यांकडे नेहमी येतात.

बायोसमधील बदल

या टप्प्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. अस्थिर मेमरी फायली बिघडवताना कोणताही इशारा देत नाही. बायोस (मदरबोर्डवरील मूळ प्रोग्राम) अद्ययावत करायचे असेल तर यूपीएस चार्ज असतानाच करावे, कारण मधेच वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो. दोन अद्यतने टाळू नयेत अशी आहेत. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यानंतर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रकाच्या भागाचे व्होल्टेज) १.३ व्होल्टच्या आत ठेवणारे बायोस आले. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील अस्थिरतेसाठी ०एक्स१२९ आणि त्यानंतर ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या अंतर्गत सूचना) आले. या प्रोसेसरांवर जुन्या बायोसवर ओव्हरक्लॉकिंग करणे धाडसाचे नव्हे तर वेडेपणाचे आहे.

त्यानंतर इंटेलवर आणि डीडीआर४ असलेल्या एएमडीवर एक्सएमपी, किंवा डीडीआर५ असलेल्या एएमडीवर एक्सपो ही मेमरीच्या वेगाची तयार मांडणी सुरू करावी. ती सुरू केल्याशिवाय ३६०० ची पट्टीसुद्धा साध्या वेगानेच चालत राहते, आणि कित्येक घरांत ती वर्षानुवर्षे तशीच चालत असते. डीडीआर५ असलेले यंत्र पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे काळा पडदा दाखवू शकते. त्या वेळात मेमरीचे प्रशिक्षण (बोर्डाशी तिची जुळणी) चालू असते, म्हणून घाईने बटण दाबू नये. डीडीआर४ चे व्होल्टेज तयार मांडणीत बहुधा १.३५ असते, रोजच्या वापरासाठी आणि विशेषतः आपल्या हवामानात १.४५ च्या वर जाण्याचे कारण नाही. यंत्र सुरूच झाले नाही तर वीज काढून सीएमओएस जंपर (बायोसची मांडणी पुसणाऱ्या, बोर्डावरील दोन पिना) जोडावा किंवा सीआर२०३२ सेल काही मिनिटे काढून ठेवावा, म्हणजे मूळ मांडणी परत येते. एक्सएमपी आणि एक्सपो या मांडण्यादेखील ओव्हरक्लॉकिंगमध्ये मोडतात आणि प्रोसेसरच्या वॉरंटीवर त्यांचा परिणाम होऊ शकतो, हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

तपासणी, आणि प्रोसेसरचा वेग

विंडोज उघडली म्हणजे मेमरी स्थिर झाली असे नव्हे. आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ची चार फेऱ्यांची पूर्ण चाचणी चालवावी, मगच विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी. एकही चूक आली तरी मांडणी नापास समजावी. ‘एखादी चूक चालते’ हे खरे नाही. चूक आल्यास वेग एक पायरी खाली आणावा, व्होल्टेज वाढवण्याचा विचार नंतर करावा. यानंतरची चाचणी ग्राफिक्स कार्डवर भार टाकून घ्यावी, कारण कार्डाची गरम हवा थेट मेमरीवर येते आणि रात्रभर एकट्या चालवलेल्या मेमरी चाचणीत ती परिस्थिती येतच नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत माझा सल्ला अनेकांना उलटा वाटेल: येथे व्होल्टेज वाढवण्यापेक्षा घटवून अधिक वेग मिळतो. आजचे प्रोसेसर उष्णतेला आणि वॅटला जागा असेपर्यंत स्वतःच वर चढतात. रायझन ७००० मध्ये बहुतेकांची मर्यादा ९५ अंश आणि इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची १०० अंश असते, व ती गाठली की वेग आपोआप उतरतो. व्होल्टेज कमी केले की उष्णता घटते आणि तोच प्रोसेसर जास्त वेळ वरच्या वेगावर टिकतो. एएमडीवर कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज पायरीपायरीने घटवणारी बायोसमधील सोय) सर्व कोअरसाठी उणे १० पासून सुरू करून पाच-पाचने खाली न्यावा. इंटेलवर, बोर्ड परवानगी देत असेल तर, व्होल्टेज ऑफसेट थोडा थोडा कमी करत जावा आणि पीएल२ ही थोड्या वेळासाठीच्या कमाल वॅटची मर्यादा कूलरला झेपेल इतकीच ठेवावी. प्रत्येक पायरीनंतर भाराखालील चाचणीसोबत यंत्र काही वेळ निष्क्रियही ठेवून पाहावे, कारण कमी व्होल्टेजचे दोष बऱ्याचदा भार नसतानाच उघड होतात.

खोली सर्वाधिक तापलेल्या वेळी, दीर्घ भाराखाली प्रोसेसर त्याच्या मर्यादेच्या किमान आठ-दहा अंश खाली राहिला तर मांडणी कायम करावी. अनेक बोर्डांच्या बायोसमध्ये मांडण्या नाव देऊन जतन करता येतात, त्याचा लाभ घेऊन दोन मांडण्या ठेवाव्यात: दिवाळीपासून होळीपर्यंतची, थोडी मोकळी, आणि होळीनंतर पाऊस स्थिरावेपर्यंतची, वॅटची मर्यादा खाली आणलेली. गाळणी महिन्यातून एकदा धुवावी. घरात कापूस भरून ठेवलेला असेल तर त्या महिन्यांत दर आठवड्याला पाहावी, कारण सरकीचे तंतू गाळणीवर नमद्यासारखा थर धरतात आणि हवा पूर्ण अडते. ब्लोअरने साफ करताना पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवावीत. थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी, किंवा त्याच खोलीतील त्याच भारावरचे तापमान पहिल्या नोंदीपेक्षा पाच-सहा अंशांनी वाढलेले दिसल्यास बदलावी.